किल्ली खिशात

कवीनं यंत्रावर काय बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. मला भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मलाही वाटलं, की यांना पावसावर नाहीतर कृष्णा-तारळीच्या संगमावर काहीतरी हवं असणार. मी म्हटलं, पावसावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला पट्ट्यावर बोलू द्या. बी.ए. झाल्यापासून मी उंब्रजला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. दिवसा पट्टे, रात्री कविता. घर पट्ट्यांनी चालवलं.

पट्टा म्हणजे आपला बेल्ट. एका बाजूला इंजिन किंवा मोटर फिरते, तिचं फिरणं दुसऱ्या चाकापर्यंत नेऊन पोचवतो तो पट्टा. खडी क्रशरला तो असतो, काँक्रीट मिक्सरला असतो, कंप्रेसरला असतो. जेसीबीच्या इंजिनाचा पंखा आणि आल्टरनेटर त्याच्यावरच फिरतात. (आमच्याकडं माती उकरणारं कुठलंही यंत्र म्हणजे जेसीबी. त्यावर कंपनीचं नाव काय लिहिलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.) उंब्रज पुणे-बंगळूर महामार्गावरचं गाव. हा रस्ता आधी चौपदरी झाला, मग सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम निघालं. रस्ता म्हटला की खडी आली, खडी म्हटली की क्रशर आला. आणि क्रशरचा पट्टा तुटला की मोटारसायकलवरून एक माणूस आमच्या काउंटरवर येतो. "भाई, बी अडुसष्ट हाय का? लौकर द्या, गाड्या उभ्या हायत."

या 'लौकर द्या'बद्दल मला आज बोलायचं आहे.

आधी 'बी अडुसष्ट' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना तो मंत्र वाटतो. 'बी' ही पट्ट्याची जात. 'ए' पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद असतो, 'बी' १७ आणि 'सी' २२. पुढचा आकडा लांबीचा, इंचात. एवढं पट्ट्याच्या पाठीवर छापलेलं असतं, पण पट्टा जुना झाला की आकडा पुसला जातो. मग गिऱ्हाईक दोन तुकडे हातात घेऊन येतं आणि आम्ही टेपनं मोजत बसतो. मोजता मोजता मी तो पट्टा वाचतो. पट्टा कसा मेला, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो सैल होता, पुलीवर घसरत होता. घसरला की तापतो, तापला की कडक होतो. खालच्या अंगाला आडव्या चिरा असतील तर उष्णतेनं किंवा वयानं रबर वाळलंय. एकच बाजू झिजली असेल तर दोन पुल्या एका ओळीत नाहीत. फुगून मऊ पडला असेल तर कुठून तरी तेल किंवा डिझेल त्याच्यावर गळतंय. आणि पट्टा दिसायला नवा, पण मधूनच तुटलेला असला, तर मी विचारतो, "पहारीनं चढवला का?" समोरचा हसतो. पट्ट्याच्या पोटात दोरे असतात, सगळा ताण ते दोरे घेतात. पहार किंवा पेचकस घालून पट्टा पुलीवर जबरदस्तीनं चढवला की दोरे आतल्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. तो पट्टा चार दिवसांनी, चालू मशीनवर, कुणीतरी जवळ उभं असताना तुटतो. खरं तर मोटरच्या पायाचे बोल्ट ढिले करून मोटर पुढं सरकवायची, पट्टा हातानं अलगद बसवायचा आणि मोटर पुन्हा मागं ओढायची. याला दहा मिनिटं लागतात. पहारीनं दोन लागतात.

आमच्या दुकानातला पट्टा कडेनं तिरका असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी तो काढला. त्याच्याआधी सपाट पट्टे होते, बहुतेक चामड्याचे. त्या काळच्या कारखान्यात एकच इंजिन असायचं, छताला एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून खाली प्रत्येक मशीनला एकेक पट्टा उतरायचा. डोक्यावर नुसतं पट्ट्यांचं जंगल. आपल्याकडं १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर कारखाना काढला, त्या सुमाराला यंत्रं अशीच चालत. व्ही पट्ट्याची युक्ती अशी, की तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो आणि बाजूंनी पकडतो. त्याचं बूड खाचेच्या तळाला टेकता कामा नये. पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर पट्टा तरी संपलाय किंवा पुली तरी. ही एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मं निरीक्षण झालं. अर्थात, मशीन बंद असताना.

आता पट्टा आणि हात यांच्याबद्दल. पट्टा पुलीवर जिथं चढतो ती जागा सगळ्यात वाईट. तिथं पट्टा आणि लोखंड एकमेकांना भेटतात आणि मध्ये जे सापडेल ते आत ओढलं जातं. लोकांना वाटतं, हात लागला तर पटकन मागं घेऊ. हिशेब करून बघा. पुली ३० सेंटिमीटर व्यासाची आहे आणि मिनिटाला १,५०० फेरे घेतेय. पट्टा सेकंदाला साडेतेवीस मीटर धावतो. काहीतरी झालंय हे डोक्याला कळून हात हलायला साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात पट्टा जवळजवळ सहा मीटर पुढं गेलेला असतो. तुमचा हात सहा मीटर लांब नाही. इंजिन नुसतं आयडलला गुरगुरत असलं तरीही हेच. १५ सेंटिमीटरची पुली, मिनिटाला ८०० फेरे, आणि पाव सेकंदात दीड मीटर पट्टा आत. "हळू चालू होतं ओ," असं मला पुष्कळांनी सांगितलंय. सांगताना बहुतेक डावा हात खिशात असतो.

कापडाचं आणखी अवघड. कापड धरलं की सोडत नाही. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस गावी इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका मोटारीत बसली. तिच्या गळ्यातला लांब रेशमी रुमाल मोटारीच्या चाकात अडकला आणि तिथंच तिचा अंत झाला. आमच्याकडं रेशमी रुमाल नसतो. थंडीत मफलर असतो, उन्हात टॉवेल असतो, लुंगी असते. मिक्सरवर पाट्या टाकणाऱ्या बायकांचा पदर असतो आणि वर चढवलेल्या शर्टाच्या सुटलेल्या बाह्या असतात. हातमोजेसुद्धा फिरत्या पट्ट्यापाशी घातक. बोट निसटलं असतं तिथं मोजा निसटू देत नाही. दगड उचलताना मोजे घाला, फिरत्या पुलीजवळ जाताना काढा.

एक मुलगा आमच्या दुकानात यायचा. झारखंडकडचा, क्रशरवर हेल्पर. वय अठरा-एकोणीस असेल. मराठी फारसं येत नव्हतं, पण पट्ट्यांचे आकडे मराठीत म्हणायला शिकला होता. 'अडुसष्ट' हा शब्द तर असा म्हणायचा की मला ऐकत राहावंसं वाटायचं. पट्टा घसरायला लागला की त्याला वरून ओरडून सांगायचे, राळ लाव. चालू पट्ट्यावर राळेचा खडा टेकवायचा, की पट्टा थोडा वेळ चिकटतो आणि किंचाळायचा थांबतो. एका संध्याकाळी राळेबरोबर दोन बोटं गेली. क्रशर कुठला ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. असं तर कुठंही चालतं. महिन्यानं तो दुकानात आला तो गावाकडं निघाल्याचं सांगायला. मी विचारलं, "बेटा, मशीन बंद क्यों नहीं किया?" तो म्हणाला, बंद करनेवाला मैं कौन?

हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मशीन बंद करायचा अधिकार त्याला नव्हता. बाहेर डंपर रांगेत, ड्रायव्हरला खेपेवर पैसे, मालकाला पुढं ठेकेदाराचा फोन, आणि सगळ्यांच्या घाईचा शेवट त्या पोराच्या हातावर. आणि राळेनं पट्टा दुरुस्त झालाच नव्हता. सैल पट्ट्याला ताण हवा असतो, राळ नव्हे. राळ, साबण, डांबर लावलेला पट्टा चार तास गप्प बसतो आणि मग आणखी तापतो.

कायद्यानं हे सगळं फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. १९४८च्या कारखाने कायद्यातलं बाविसावं कलम मी एकदा मुद्दाम वाचलं. सरकारी भाषा असूनही मला ते आवडलं, कारण लिहिणाऱ्यानं पट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. फिरत्या पुलीवरचा पट्टा हाताळायची वेळ आलीच, तर तो १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा, त्याचा सांधा शिवलेला किंवा पृष्ठभागाशी सपाट असावा, माणसाला पाय रोवायला भक्कम जागा असावी. तो माणूस खास शिकवलेला असावा, त्याचं नाव रजिस्टरात असावं, अंगात घट्ट कपडे असावेत आणि ते कपडे मालकानं द्यावेत. कोवळ्या वयाच्या कामगारांनी आणि बायकांनी फिरतं यंत्र पुसायला, तेल घालायला जाऊ नये. चोविसाव्या कलमात आणखी एक बारकावा होता: वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकलेला ठेवायचा नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला आणि २०२० साली संसदेनं असे अनेक कायदे एका संहितेत गोळा केले. क्रशरवरच्या हेल्परला यातल्या कशाचंच नाव ठाऊक नसतं. त्याला दिसते ती पट्ट्यावरची जाळी, म्हणजे गार्ड. ती जागेवर आहे, की भिंतीला टेकवून ठेवलीय, एवढाच कायदा त्याच्यापर्यंत पोचतो.

जाळी काढून का ठेवतात? कारण पट्टा बघायचा तर चार बोल्ट काढावे लागतात. पहिल्यांदा चार काढतात, चार लावतात. दुसऱ्यांदा दोनच लावतात. तिसऱ्यांदा जाळी भिंतीला. यावर उपाय फॅब्रिकेशनवाल्याकडं आहे. पत्र्याऐवजी जाळीचंच गार्ड करा, म्हणजे पट्टा बाहेरून दिसतो. भोकं बोट आत जाणार नाही इतकी बारीक ठेवा. ग्रीसचा निपल नळीनं बाहेर आणा. मग जाळी काढायचं कारणच उरत नाही.

तर, पट्टा तपासायचा म्हणजे पहिल्यांदा मशीन बंद करायचं. बंद म्हणजे काय, यावरही दुमत आहे. काहींच्या मते बटण दाबलं की बंद. इंजिन असेल तर बंद करून किल्ली काढा आणि ती स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्याच्या नको आणि डॅशबोर्डवर तर नकोच. जेसीबीचं बकेट जमिनीला टेकवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. विजेची मोटर असेल तर मेन स्विच खाली ओढा, फ्यूज काढा, पेटीला कुलूप घाला. कुलपाची किल्लीही जो पट्ट्यापाशी वाकणार आहे त्याच्याच खिशात. आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो स्विच बसवले, लाइट आली की मोटर आपोआप चालू. शेतावर ती सोय आहे. पण तीच सवय आणि तोच स्विच एखाद्या मिक्सरच्या किंवा कन्व्हेअरच्या मोटरला लावलेला मी पाहिलाय. लाइट गेलीय म्हणून माणूस निवांत पट्ट्यात हात घालतो, आणि लाइट येते.

बटण बंद केल्यावरही थांबा. जबड्याच्या क्रशरला दोन बाजूंना जड फ्लायव्हील असतात, मोटर बंद झाल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात. आणि जबड्यात दगड अडकून क्रशर थांबला असेल तर तो थांबलेला दिसतो, पण ताणलेला असतो. दगड सुटला की चाक एकदम फिरतं. आधी चाकाला पाचर लावा, मग पट्ट्याकडं बघा. चढावरचा कन्व्हेअर तर खडीच्या वजनानं उलटा मागं येऊ शकतो. कन्व्हेअरखाली सांडलेली खडी चालू पट्ट्यात फावड्यानं ओढणं हा आमच्याकडचा सगळ्यात नेहमीचा उद्योग. पट्टा फावडं धरतो आणि फावडं सोडायचं माणसाला सुचत नाही. कन्व्हेअरच्या कडेनं एक दोरी असते, ओढली की मोटर बंद पडते. ती दोरी तुटलेली नाही ना, तिला कुणी डबा अडकवलेला नाही ना, हे आठवड्यातून एकदा तरी ओढून बघावं.

मग निरीक्षण. वर सांगितलेल्या खुणा बघा: चिरा, चमक, एकांगी झीज, तेल. पट्टा हातानं फिरवायचा तर मधल्या लांबीला धरून फिरवा, पुलीपाशी बोट नेऊ नका. ओळ बघायला दोन पुलींवरून एक दोरी ताणून धरा. ती चारी ठिकाणी टेकली पाहिजे. ताणाचं ढोबळ माप असं: दोन पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल, तर मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण १६ मिलिमीटर दबावा. जोर किती लावायचा ते पट्ट्याच्या जातीवर असतं, कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. आमचे जुने फिटर अंगठ्यानं दाबून सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणू नका, बेरिंग जातात. नवा पट्टा पहिल्या दिवसा-दोन दिवसांत थोडा सैल होतो, त्याला पुन्हा ताण द्यावा लागतो. हे सांगितलं तर गिऱ्हाइकाला वाटतं मी खराब माल दिला. आणि पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एक नवा आणि दोन जुने घातले, तर सगळा भार नव्यावर येतो आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा माझ्यासमोर. यात माझाच धंदा आहे असं तोंडावर सांगणारेही भेटतात. तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्याला गार्ड नसतं. (हा वाक्प्रचारातला पट्टा दांडपट्ट्याचा की गिरणीचा, यावर एकदा कुणीतरी लिहायला हवं.)

एका क्रशरवाल्यानं मात्र माझं ऐकलं. त्यानं रोज दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास मशीन बंद ठेवून पट्टे बघायची पद्धत पाडली. त्या अर्ध्या तासाची हजेरी कापत नाही. आणि हेल्परलासुद्धा सांगून ठेवलं, की पट्ट्याचा आवाज बदलला तर तू बटण दाब, मी विचारणार नाही का दाबलंस. त्याचे पट्टे आता माझ्याकडून कमी जातात.

त्यानंच मला बोर्ड लिहायला सांगितला. जुना बोर्ड इंग्रजीत होता, लाल अक्षरात 'डेंजर' आणि खाली चार ओळी. तिथं काम करणाऱ्या कुणालाही तो वाचता येत नव्हता. मी बसलो लिहायला. पहिल्या खर्ड्यात 'सावधगिरी बाळगावी' आलं, ते खोडलं. 'यंत्र चालू असताना' हेही खोडलं, कारण हेल्परच्या मते हळू फिरणारं मशीन चालू नसतंच. शेवटी लिहिलं: 'फिरत्या पट्ट्याला हात नको. आधी बंद कर. किल्ली खिशात.' खाली तेच हिंदीत, तेच कानडीत, आणि ज्याला काहीच वाचता येत नाही त्याच्यासाठी पेंटरनं पुलीत सापडलेला हात काढला. पेंटरनं हात फार चांगला काढला. माझी एवढी वाचली गेलेली दुसरी रचना नाही.

दसऱ्याला हीच मंडळी यंत्रं धुऊन पुजतात. पावसाळ्यानंतर बंद मशीन पुन्हा चालू होतात ते याच सुमाराला, त्यामुळं पट्टे बघायलाही हा दिवस बरा. तेवढं करा, की झेंडूचा हार पुलीवर, फ्लायव्हीलवर घालू नका. गार्डवर घाला. हाराची दोरी पट्ट्यात गुंडाळली की ती काढायला कुणीतरी हात घालतोच.

आणि इतकं करूनही अपघात झालाच, तर पहिल्यांदा मशीन बंद करा. माणसाला ओढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. १०८ला फोन करा. बोट तुटून पडलं असेल तर ते शोधा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. माणसाबरोबरच ते दवाखान्यात गेलं पाहिजे.

दुकानात मी एक करतो. नवा पट्टा दिला की जुना मागून घेतो आणि समोरच सुरीनं कापतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "आवो भाई, असू द्या की स्टेपनीला." मी कापलेला तुकडा परत देतो. गाईच्या गोठ्याचं दार बांधायला तो पुष्कळ चालतो.